डावा कौल

“आये, तुका थंडी व्हयी की ऊन?” वृंदानं विचारलं.

“दोनय नकोत. माका हवा व्हयी.”

“हवा म्हंजे वारो?”

“वारो न्हय गो. बाहेर उभ्या रवलां तर अंगाक कळाची नाय, असली हवा. पंखो नको, शाल नको.”

वृंदा हसली आणि पुन्हा मोबाइलमध्ये बघू लागली.

दसऱ्याचा दुसरा दिवस. आम्ही मायलेकी पडवीत बसलो होतो. कोकणात पाऊस गेला म्हणून लगेच थंडी येत नाही, मधला महिनाभर आमची भाजणी होते. त्या दुपारी पंखा होता तेवढ्या जोरानं फिरत होता आणि तरी मान पुसून पुसून माझा पदर ओला झाला होता. वृंदा माझी एकुलती एक लेक. पुण्याला असते, दसऱ्याला म्हणून चार दिवस आली होती. आल्या आल्या तिनं जाहीर केलं की नोव्हेंबरात आईला साठ पुरी होतात, तर यंदा आईला फिरायला न्यायचं. कुठं, ते आईनं ठरवायचं.

आमच्या घरात ही नवलाईच होती. ह्यांची, म्हणजे माझ्या यजमानांची, साठी झाली तेव्हा साठीशांत झाली, होम झाला, अख्खी वाडी जेवली. मी ह्यांच्या शेजारी पाटावर बसले आणि मधून मधून उठून वड्यांचं पीठ बघून आले. माझ्या साठीचा विषय निघेल असं कुणाला वाटलं नव्हतं, अगदी मलासुद्धा. पण निघाला, तेव्हा कळलं की उत्तर माझ्याकडे तयारच होतं.

मी शाळेत बाई होते. सारी नोकरी गावातल्याच शाळेत झाली. तिसरी-चौथीला भूगोल शिकवायचा म्हणजे हवामान आलंच. पुस्तकात लिहिलेलं असायचं की समुद्रकिनाऱ्यावरचं हवामान सम असतं. ते लिहिणारा माणूस ऑक्टोबरात आमच्याकडे कधी आला नसावा. दुसरं एक वाक्य होतं, डोंगरावर काही ठिकाणी हवामान आल्हाददायक असतं. पोरं विचारायची, “बाईनु, आल्हाददायक म्हंजे कसां?” मी सांगायची, “बरां वाटणारां.” त्याच्या पुढं कुणी विचारलं असतं तर माझी पंचाईत झाली असती, कारण तोवर मी कोल्हापूरच्या पलीकडे कधी गेले नव्हते, आणि कोल्हापूरलासुद्धा दवाखान्यापुरतीच.

“उटी?” वृंदानं विचारलं.

“नोव्हेंबरात थंय पाऊस. परतीचो. छत्री घेऊन फिरूचां काय?”

“महाबळेश्वर?”

“थंय आपल्या गावची निम्मी माणसां भेटतली. ‘बाई, तुमी हयसर कशे?’ सांगता सांगता माझो वाढदिवस जायत.”

“दार्जिलिंग?”

“थंडी. हातमोजे घालून मी पेढो कसो खाऊ?”

“आये, तू थंय जाऊन इल्यासारखी बोलतंस!”

“शिकवलंय मगे.”

शेवटी दोन नावं उरली. म्हैसूर आणि पचमढी. म्हैसूर पठारावर, नोव्हेंबरात पाऊस सरत आलेला, ऊन कोवळं. पचमढी सातपुड्यात, उंचावर, झाडीत, दिवसा पंखा नको आणि दुपारी शालही नको. वृंदानं मोबाइलवर दोन्हीकडची हवा तपासली आणि मान डोलावली. मला दोन्ही गावं सारखीच आवडली होती. साठ वर्षं उपाशी असलेल्या माणसानं बासुंदी की श्रीखंड यावर भांडू नये.

तेवढ्यात हे बाहेर आले. श्रीपाद धुरी, रवळनाथाच्या देवळाचे मानकरी, भातगिरणीचे मालक, आणि स्वभावानं गाईसारखे. हातात अडकित्ता, तोंडात सुपारी. माझ्या आयुष्यात ह्या माणसानं माझ्यावर एकदाही हात उगारला नाही, आवाज चढवला नाही. म्हणून तर ह्यांच्याशी भांडण काढायला कधी जागाच सापडली नाही.

“खंय जावचां चल्लां?” ह्यांनी विचारलं.

“आयेक घेऊन म्हैसूर नायतर पचमढी,” वृंदा म्हणाली. “तुमीपण चला.”

“पचमढी खंय इली?”

“मध्य प्रदेशात.”

ह्यांनी सुपारी चावायची थांबवली. मग म्हणाले, “हवा बदललली की अंग मोडता. पाणी बदललां की पोट. आणि कार्तिकात देवाची जत्रा.”

“जत्रा पुनवेनंतर आसा,” मी म्हटलं. “तेच्या आधी आमी परत.”

“तसां न्हय गो. माझां काय नाय. पण देवाक इचारूक होया. कौल लावया. देव हो म्हणालो तर जावा, मी आड येवचंय नाय.”

झालं. वृंदाचा चेहरा पडला. कारण तिला ठाऊक होतं, आणि मला तर पाठच होतं.

आमच्याकडे कौल लावतात तो असा. गुरव देवाच्या पाषाणावर दोन बाजूंना ओल्या पाकळ्या चिकटवतो, देवाला गाऱ्हाणं घालतो, म्हणजे प्रश्न सांगतो, आणि सगळे थांबतात. उजवीकडची पाकळी पडली की उजवा कौल, देव हो म्हणाला. डावीकडची पडली की डावा, देव नाही म्हणाला. पुढं वाद नाही. गाय घ्यायची, गिरणीचा पट्टा बदलायचा, वृंदाला पुण्यात द्यायचं, सगळं आमच्या घरात असं ठरलं. आणि सांगायला हवं, की मीही रवळनाथाला मानते. वृंदाच्या तापात मी त्याच्याच पायऱ्यांवर बसून रात्र काढली होती.

पण माझ्या बाबतीत एक गंमत होती. शाळेतल्या बाया दिल्लीला निघाल्या तेव्हा डावा कौल. धाकट्या भावानं नाशिकला बोलावलं तेव्हा डावा. निवृत्त झाल्यावर मैत्रिणींनी उदयपूर ठरवलं तेव्हाही डावाच. मैत्रिणी तिकडून माझ्यासाठी आरशाची पिशवी घेऊन आल्या. ती मी भाजीला वापरली आणि फाडली.

वृंदा माझ्यामागोमाग स्वयंपाकघरात आली. रागानं तिचे कान लाल झाले होते.

“आये, कौल-बिवल काय नको. माझ्याकडे पुण्याक येतंय म्हणून सांग आणि घरातसून भायर पड. थंयसून आपण परस्पर जावया. परत इल्यावर बाबांक सांगया.”

“चोरून?”

“चोरून कित्याक? नंतर सांगूचाच आसा मगे.”

“तेकाच चोरून म्हणतत,” मी म्हटलं. “चोरून जावचां असतां तर मी दिल्लीकच गेल्लंय असतंय. माका ह्या घराच्या पुढल्या दारान जावचां आसा. सगळ्यांच्या देखत. बॅग घेऊन.”

“आणि डावो पडलो तर?”

मी कढईतली भाजी हलवली, झाकण ठेवलं, आणि बाहेर पडवीत गेले.

“ओ, ऐकलात?” मी ह्यांना म्हटलं. “लावा कौल. उद्याच लावा.”

ह्यांना इतकं सोपं जाईल असं वाटलं नसावं. अडकित्ता तसाच उघडा राहिला.

“बरां,” हे म्हणाले. “बरां बरां. शाणी ती.”

“पण एक आसा. गाऱ्हाणां माझां. देवाक काय इचारूचां तां मी सांगतलंय. तुमी नाय.”

ह्यांनी थोडा विचार केला. बायका आमच्याकडे देवळात जातात, नारळ ठेवतात, पण कौलाचा प्रश्न घरचा कर्ता पुरुष सांगतो. असा नियम कुठं लिहिलेला नाही, पडलेली सवय आहे. पण त्या दिवशी हे खुशीत होते. डाव्या पाकळीवर ह्यांचा जुना भरवसा होता.

“सांग तू,” हे म्हणाले. “देव काय माझो एकट्याचो नाय.”

हे वाक्य मी मनात नीट जपून ठेवलं.

सकाळी आम्ही तिघं निघालो. दोन्ही बाजूला भात पिवळं झालेलं, काही शेतांत कापणी सुरू. हे पुढं, पांढरा सदरा, हातात नारळाची पिशवी. मधे मी, साठी जवळ आलेली बाई, नऊवारी नव्हे, साधी सुती पाचवारी, पाठ तेव्हाच घामानं भिजलेली. मागून वृंदा, तोंड फुगवून. माझ्यावर ती रागावली होती. आयुष्यभर ऐकून घेतलं आणि आता साठाव्या वर्षीही ऐकून घेतेय, असं तिच्या कपाळावर लिहिलेलं होतं.

देवळात तातू गुरव तयार होता. तातू माझा विद्यार्थी. चौथीत त्याला डावं-उजवं कळत नव्हतं, कवायतीत नेहमी चुकीच्या बाजूला वळायचा. आता गावाचं डावं-उजवं त्याच्या हातात होतं. सभामंडपात नेहमीची दोन-तीन म्हातारी माणसं बसली होती. त्यांत बाबलो परबही होता. गावात कुठलाही कौल असो, बाबलो हजर. गाऱ्हाण्याला ‘होय म्हाराजा’ म्हणायला माणसं लागतातच, आणि बाबलोला घरी कुणी ‘होय’ म्हणत नसे.

तातूनं पाषाण धुतला, पाकळ्या भिजवल्या, एकेक करून दोन्ही अंगांना लावल्या. मग ह्यांच्याकडे बघितलं.

“अण्णांनु, काय सांगू देवाक?”

“आज मी नाय,” हे म्हणाले. “बाई सांगतली.”

बाबलो पुढं सरकला. “बायलमाणूस गाऱ्हाणां सांगतला?”

“कित्याक, देवाक आयकाक येवचां नाय?” मी विचारलं. बाबलोलाही मी रात्रशाळेत बाराखडी शिकवली होती. तो मागं सरकला.

“सांगा, बाईनु,” तातू म्हणाला.

मी गाभाऱ्याच्या उंबऱ्याजवळ उभी राहिले. पोरांसमोर इतकी वर्षं बोलले, पण देवळात मोठ्यानं बोलायची ही पहिलीच वेळ होती. पदराचं टोक घट्ट धरलं आणि बोलले.

“देवाक सांग, कुमुद श्रीपाद धुरी ह्या कार्तिकात साठ वर्सांची होता. वाढदिवसाक ती परमुलखात जातली.”

“जावचां की नको, असां इचारू?”

“नाय,” मी म्हटलं. “जातली. तां ठरलां. देवान फकत वाट दाखवची. उजवी पाकळी पडली तर म्हैसूर. डावी पडली तर पचमढी.”

तातूचा हात पाषाणाजवळ तसाच राहिला. माझ्या मागं वृंदानं श्वास घेतलेला मला ऐकू आला.

“असो कौल नसता!” हे म्हणाले. आवाज चढला नव्हता, पण चिरकला होता. “डावो म्हंजे नाय. डाव्याक पचमढी कशी लावतंस तू?”

“विहिरीच्या वेळेक कसो लावलात?”

“खंयची विहीर?”

“आपली. वयल्या शेतात उजवो, खालच्या शेतात डावो. ह्या तातूच्या बापाशीन लावललो. डावो पडलो आणि आपण खाली खणली. आजपण तिचां पाणी पितत सगळी.” मी त्यांच्याकडे वळले. “विहीर खणूची की नको, ह्यां इचारलात तेवां देवाक?”

“तां कित्याक इचारतलंय? विहीर व्हयीच होती.”

“मगे माकापण ही हवा व्हयीच आसा.”

खरं सांगते, हे मला एका दिवसात सुचलं नव्हतं. उदयपूर हुकलं त्या वर्षी मी विहिरीवर पाणी काढत होते आणि अचानक हात थांबला. गोठा कुठं बांधायचा, कलमं कुठल्या कुंपणाला लावायची, वृंदासाठी पुण्याचा मुलगा की कणकवलीचा, हे सगळं ह्यांनी ‘हे की ते’ असं विचारलं होतं. गोठा, कलमं, लग्न, सगळं आधीच ठरलेलं असायचं, देवाला फक्त जागा विचारायची. आणि मी कुठं निघाले की प्रश्न एकच, ‘जाऊ दे की नको?’ देवाचा बिचाऱ्याचा काय दोष? त्याला जेवढं विचाराल तेवढ्याचंच तो उत्तर देणार. डाव्या पाकळीवर मी मनातल्या मनात किती वर्षं रुसले होते, आणि ती पाकळी निर्दोष होती. त्या दिवसापासून मी वाट बघत होते. नुसतं एक ठिकाण असून भागणार नव्हतं. मला दोन ठिकाणं हवी होती, दोन्ही मनापासून आवडलेली, म्हणजे देवाशी लबाडी होऊ नये. ती दोन मला वृंदानं आदल्या दुपारी मिळवून दिली होती, आणि तिला ते माहीतही नव्हतं.

तातूनं एकदा ह्यांच्याकडे, एकदा माझ्याकडे बघितलं.

“अण्णांनु, बाईंचां बरोबर आसा,” तो हळूच म्हणाला. “ह्यां नायतर तां, असो कौल लागता.”

“माझ्या गोठ्याक तसोच लावललो,” बाबलो म्हणाला, आणि गाऱ्हाणं सुरू व्हायच्या आधीच त्यानं ठोकून दिलं, “होय म्हाराजा!”

“थांब रे, अजून देवाक सांगूक नाय,” तातू म्हणाला. मग त्यानं हात जोडले. कवायतीत चुकणारा माझा तातू, पण गाऱ्हाणं घालायला लागला की त्याचा आवाज असा भरून येतो की अंगावर काटा यावा.

“बा देवा रवळनाथा, म्हाराजा!”

“होय म्हाराजा!”

“आज ही तुझी लेक तुझ्या पायाकडे इली आसा, म्हाराजा!”

“होय म्हाराजा!”

“हिणा गावच्या पोरांक शाणी केल्यान. आज ती साठ वर्सांची होता. ती फिराक जातली आसा, म्हाराजा! म्हैसुराक धाडतलंस तर उजवो दी, पचमढीक धाडतलंस तर डावो दी. जाताना, येताना तिका सांभाळ, तिच्या पायाक काटो लागाक देव नको, म्हाराजा!”

“होय म्हाराजा!” ह्या खेपेला त्यात वृंदाचाही आवाज होता, सगळ्यांत मोठा.

मग आम्ही थांबलो. पाकळ्या ओल्या, पाषाण ओला. काही पडेना. बाबलोनं खोकून घेतलं. बाहेर कुणीतरी बैलाला हाकलत गेलं. तरी काही पडेना.

“बघ,” हे कुजबुजले. “देवाक पसंत नाय. तो बोलणाच नाय.”

“देव इचार करता,” मी म्हटलं. “दोनय गावां बरी आसत. तुमी घाई करू नकात.”

मी डोळे मिटले नाहीत. मला बघायचं होतं. डावीकडची वरची पाकळी जराशी हलली, एका कडेनं सुटली, पाषाणावरून घसरली आणि खाली पडली.

“डावो!” हे ओरडले. “डावो पडलो! मी सांगललंय काय नाय? डावो!”

चाळीस वर्षांची सवय. ह्यांचा चेहरा आनंदानं फुलला होता, दोन्ही हात वर गेले होते. आम्ही सगळे ह्यांच्याकडे बघत राहिलो. मग हळूहळू ह्यांच्या लक्षात आलं, आणि हात खाली आले.

“पचमढी, बाईनु,” तातू म्हणाला.

वृंदानं देवळात शिट्टी मारली. मी तिला पहिलीपासून सांगत आले होते की मुलींनी शिट्टी मारू नये, पण त्या दिवशी मला ती गोड वाटली. बाबलो हसता हसता खांबाला टेकला. आणि मी? मी त्या पडलेल्या पाकळीकडे बघत होते आणि मला रडू येत होतं, आणि हसूही. जिंकले होते मी. देवाला न फसवता, नवऱ्याला न फसवता, सगळ्या गावाच्या देखत जिंकले होते.

“बाईनु, ती पचमढी नेमकी खंय?” तातूनं विचारलं.

“सातपुड्यात रे. चौथीत शिकवललंय तुका.”

“मी तेवां भायल्या चिंचेवर आसतलंय,” तो म्हणाला आणि पुन्हा सगळे हसले. फक्त हे हसले नाहीत. हे सभामंडपाच्या पायरीवर बसले होते, नारळाची रिकामी पिशवी गुडघ्यांवर.

“आणि माझां काय?” ह्यांनी विचारलं.

“तुमचां काय?” मी म्हटलं.

“कौल तर तुझो एकटीचो झालो.”

ते खरंच होतं. मी विचारलं होतं ते कुमुद धुरीचं. ह्यांचं नाव मी मुद्दाम गाळलं नव्हतं. पण घ्यायचं लक्षातही आलं नव्हतं, आणि ते लक्षात आलं नाही हे त्या क्षणी आम्हा दोघांनाही कळलं.

“तेका काय, अण्णांनु, तुमचो वेगळो लावया,” तातू म्हणाला आणि त्यानं नवी पाकळी पाण्यात बुडवली. “जावचां की नको, असो?”

हे त्याच्या बोटांकडे बघत राहिले.

“आणि डावो पडलो तर?”

“तर तुमी हयसर,” तातू म्हणाला. “बाई थंय.”

ह्यांनी घरी राहणं कधी त्या बाजूनं बघितलंच नव्हतं. आजवर घरी राहायची ती मी. दिल्लीच्या वेळी, नाशिकच्या वेळी, उदयपूरच्या वेळी मी देवळातून परत येताना कशी चालत असेन, हे त्या पायरीवर बसल्यावर ह्यांना पहिल्यांदा दिसलं असावं. मी त्यांच्याकडे बघत होते म्हणून सांगते. ह्यांनी रिकाम्या पिशवीची घडी केली आणि पुन्हा उलगडली.

“ठेव ती खाली, तातू,” हे म्हणाले.

“म्हंजे?”

“पाकळी खाली ठेव. देवाक सारखो सारखो त्रास नको.”

तातू गोंधळून गेला. बाबलोचं तोंड उघडंच राहिलं. श्रीपाद धुरींनी कौल नको म्हटलं, ही गोष्ट गावात पुढं कितीतरी दिवस सांगितली जात होती.

हे उठले. धोतर झटकलं. माझ्यासमोर आले, आणि वाडीतली माणसं बघताहेत, लेक बघतेय, देव बघतोय, याची पर्वा न करता मला विचारलं,

“मी इलंय तर चलात तुका?”

लग्नाला इतकी वर्षं झाली होती. ह्या माणसानं देवाला गाईबद्दल विचारलं, पट्ट्याबद्दल विचारलं, भाताच्या बियाण्याबद्दल विचारलं. मला सरळ काही विचारलं असं मला आठवत नव्हतं. लगेच उत्तर दिलं असतं तर माझ्या डोळ्यांतलं पाणी गालावर आलं असतं, म्हणून मी थांबले. थोडी जास्तच थांबले, हेही कबूल करते. मला ते थांबणं आवडलं. आजवर मी त्या देवळात उत्तराची वाट बघत आले होते, आज कुणीतरी माझ्या उत्तराची वाट बघत होतं.

“येवा,” मी म्हटलं. “पण बॅग आपली आपण उचलूची.”

“उचलतंय,” हे म्हणाले.

नोव्हेंबरात आम्ही गेलो. वृंदा पनवेलला येऊन मिळाली. गाडीत हे पहिल्या रात्री बसूनच राहिले, आपण झोपलो तर गाडी आपल्याला चुकीच्या गावी नेईल अशी ह्यांना भीती. पिपरिया स्टेशनला उतरून जीपनं घाट चढताना ह्यांनी डोळे मिटून रवळनाथाचं नाव घेतलं आणि वर पोचल्यावर डोळे उघडून म्हणाले, “झाडां बरी आसत हो.” 

वाढदिवसाच्या सकाळी मी उठून बाहेर आले. ऊन वर आलं होतं. साल वृक्षांची सावली अंगणात पडली होती. शाल मी आत ठेवली होती, पंखा खोलीत होता की नाही ते मला आठवतही नव्हतं. मी उभी राहिले. पाठ कोरडी होती, हातपाय ऊबदार होते, आणि शरीर नावाचं ओझं आपण वागवतो आहोत हेच मुळी जाणवत नव्हतं. बरं वाटणारं. पोरांना मी बरोबर सांगितलं होतं. ते बरं वाटणं इतकं खोल शिरेल, एवढंच ठाऊक नव्हतं. मी तिथं उभ्या उभ्या मोठ्यानं हसले, एकटीच.

जरा वेळानं आम्ही तिघं बाजाराच्या रस्त्याला निघालो. वळणावर एका माणसाची चहाची गाडी होती. हे आपणहून पुढं झाले, तीन चहा सांगितले. घराबाहेर चहा पिणं ह्यांना पसंत नसे. चहावाल्यानं आलं ठेचता ठेचता विचारलं,

“कहाँ से आए हैं, बाबूजी?”

ह्यांना हिंदी बोलायची सवय नव्हती. थोडा वेळ शब्द जुळवत राहिले. मग ताठ उभे राहिले आणि माझ्याकडे बोट केलं.

“आज इसका साठवा वाढदिवस,” हे म्हणाले. “हम आया नाय. ये हमको लेके आया.”